मुंबई ते लंडन : आकाशातील अंतर आणि आंब्याची पेटी

आपल्या संघाच्या मागील बैठकीत कामकाज आटोपल्यावर एक साधा प्रश्न निघाला. येत्या हंगामात विलायतेस हापूस पाठविण्याचा विचार करणाऱ्या एका सभासदांनी विचारिले की, मुंबईच्या विमानतळापासून लंडनचा विमानतळ नक्की किती लांब आहे, व विमानास तेथवर जाण्यास किती वेळ लागतो. प्रश्न एक, परंतु उत्तरे चार निघाली. एका वडीलधाऱ्या सभासदांनी शाळेतील जगाचा नकाशा मागविला, त्यावर पट्टी ठेविली आणि खाली छापलेल्या प्रमाणाने गुणाकार करून ९,३०० किलोमीटर असा आकडा दिला. दुसऱ्यांनी मोबाइलवर पाहून ७,२०० किलोमीटर असे सांगितले. तिसऱ्यांनी आपल्या मुलाचे तिकीट पुढे केले. त्यावर दुपारी दोन वाजता मुंबई सोडणारे विमान सायंकाळी सात वाजता लंडनास पोहोचते असे स्पष्ट छापलेले होते; म्हणजे हिशेबाने प्रवास पाच तासांचा. चौथ्यांचा पुतण्या तिकडे नोकरीस आहे. ते म्हणाले की, साडेनऊ तासांच्या आत कोणी पोहोचत नाही, पुतण्या खोटे बोलणार नाही.

चौघेही प्रामाणिक, आणि चौघांजवळही काही ना काही पुरावा. आम्ही महसूल खात्यात उभी हयात मोजणीच्या आणि हद्दींच्या कागदांत घालविली, हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे सभेने हे प्रकरण चौकशीसाठी आमच्याकडे सोपविले. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. विमानविद्या आम्हांस अवगत नाही. तथापि जमिनीची मोजणी ज्यास समजते त्यास आकाशाची मोजणी अगदीच परकी नसते, असे या चौकशीत आढळून आले. त्याबरोबरच एक गोष्ट अशी आढळली की, ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण ती न सांगितल्यास हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरणार नाही. ती शेवटी येईलच.

नकाशावरील पट्टी का चुकते

प्रथम पट्टीचा निकाल लावू. आपल्या गावाचा नकाशा लहान मुलखाचा असतो. तेवढ्या मुलखात पृथ्वी सपाट धरली तरी चालते. ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी टाकून गुंठ्यांचा हिशेब बिनचूक जमतो. परंतु अंतर हजारो किलोमीटरांचे झाले म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येते. गोल वस्तूचे साल सपाट कागदावर पसरावयाचे म्हणजे ते कोठे तरी ताणावे लागते. शाळेच्या भिंतीवरील पुष्कळ नकाशांत हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो.

आकड्यांनी पाहा. मुंबईच्या अक्षांशावर एका रेखांशापासून दुसऱ्या रेखांशापर्यंतचे अंतर सुमारे १०५ किलोमीटर भरते. लंडनच्या अक्षांशावर तेच अंतर सुमारे ६९ किलोमीटर उरते, कारण सर्व रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. नकाशावर मात्र दोन्ही ठिकाणी ते सारख्याच अंतरावर काढलेले असतात. म्हणजे लंडनकडील मुलूख कागदावर आहे त्याहून पुष्कळ मोठा दिसतो आणि पट्टी त्या फुगलेल्या मुलखाची लांबी मोजते. आमच्या वडीलधाऱ्या सभासदांचे दोन हजार किलोमीटर जास्त आले ते या कारणाने. गुणाकारात त्यांची चूक नव्हती.

खरे अंतर काढावयाचे तर शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर सुतळीचे एक टोक धरावे, दुसरे लंडनवर धरावे आणि सुतळी ताणावी. ताणलेली सुतळी आपोआप सर्वांत जवळची वाट दाखविते. हा प्रयोग आम्ही स्वतः करून पाहिला. सपाट नकाशावर मुंबई-लंडन सरळ रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, इराणचे आखात, तुर्कस्तान अशी जाईल असे वाटते. सुतळी मात्र त्याहून बरीच उत्तरेस सरकते. ती सिंधच्या किनाऱ्यावरून बलुचिस्तानात शिरते, इराणचा पूर्व भाग ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून जाते, पुढे काकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, युक्रेन, प्राग शहराचा परिसर व जर्मनी असे करीत लंडनास पोहोचते. नकाशावर जी वाट वाकडी दिसते ती पृथ्वीवर सर्वांत जवळची, असा हा प्रकार आहे.

या सुतळीने पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन सुमारे ६५ अंशांचा असतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्यास ३६० ने भागिले म्हणजे एका अंशास १११ किलोमीटर पडतात. ६५ गुणिले १११ म्हणजे ७,२१५. मोबाइलचा ७,२०० हा आकडा हाच होय. जुन्या हिशेबाने हे सुमारे सव्वादोन हजार कोस झाले.

ज्या मोजणीच्या बळावर आपण आज एवढे निश्चयाने बोलतो, तिचा संबंध आपल्या मातीशीही आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांच्या साखळीने हिंदुस्थान मोजण्यास आरंभ केला. पृथ्वीची वक्रता किती, हे ठरविणे हा त्या कामाचा एक मुख्य हेतू होता. वीस वर्षे मोजीत मोजीत तो उत्तरेस सरकत आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे. आपल्या दप्तरातील नकाशांचे पूर्वज पाहावयाचे असतील त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आकाशातही बांध आहेत

आता कोणी म्हणेल की, ७,२०० हा आकडा ठरला, वाद मिटला. परंतु महसूल खात्यात काम केलेल्या माणसास ठाऊक असते की, दोन शेतांमधील सरळ अंतर निराळे आणि गाडीवाटेने जाण्याचे अंतर निराळे. मधे दुसऱ्याचे शेत असते, बांध असतो, कधी कुंपण असते. आकाशात कुंपण दिसत नाही, पण हद्दी तेथेही आहेत. १९४४ साली शिकागो येथे अनेक राष्ट्रांनी मिळून जो करार केला, त्यात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे असे मान्य झाले. विमानास दुसऱ्याच्या आकाशातून जावयाचे तर परवानगी लागते, आणि बहुतेक ठिकाणी विमानाचे वजन व तोडलेले अंतर पाहून त्याची पट्टीही भरावी लागते.

आपल्याकडे १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे शेतात जाण्यास वाट नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते. राष्ट्राराष्ट्रांत असा तहसीलदार नाही. एखाद्याने वाट अडविली तर वळसा घालणे एवढाच उपाय उरतो. पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यापर्यंत. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांस पुन्हा मज्जाव केला. युक्रेनचे आकाश २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू होताच नागरी विमानांस बंद झाले. २०२५ च्या जूनमध्ये इराण व इस्रायल यांच्यातील लढाईमुळे त्या बाजूचे आकाशही काही दिवस बंद राहिले. वाचकांनी आमची सुतळी आठवावी. ती नेमकी सिंध, इराण व युक्रेन यांवरूनच जाते. म्हणजे सर्वांत जवळची म्हणून जी वाट आहे, तिच्यावर निरनिराळ्या वेळी निरनिराळी कुंपणे पडत आली आहेत.

वळसा किती महाग पडतो याचा हिशेब सोपा आहे. मोठे विमान उंचावर गेल्यावर तासास सुमारे ९०० किलोमीटर जाते. वाट ३०० किलोमीटरांनी वाढली तर वीस मिनिटे वाढतात. ९०० ने वाढली तर तास. बागाईतदारास वीस मिनिटांचे काय, असे वाटेल. परंतु जास्त वाटेस जास्त इंधन लागते, इंधनासही वजन असते, आणि विमान उचलील त्या वजनास मर्यादा असते. इंधन वाढले म्हणजे मालास जागा कमी उरते आणि दर वाढतो. आपल्या पेटीच्या भाड्यात दूरच्या लढाईचा अंश असा येऊन बसतो.

वारा, घड्याळ आणि तिकीट

अंतरानंतर वेळ. खाडीत होडी चालविणाऱ्यांस हे सांगावयास नको की, भरतीच्या पाण्याबरोबर वर जाणे आणि त्याच पाण्याविरुद्ध खाली येणे यांत वल्ह्यांचे श्रम सारखे नसतात. होडी पाण्याच्या मानाने सारख्याच वेगाने चालते, पण काठाच्या मानाने एकदा लवकर पोहोचते आणि एकदा उशिरा. विमानाचेही तसेच आहे. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तरेकडील मुलखांवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. थंडीच्या दिवसांत त्यांचा जोर अधिक असतो. लंडनास जाताना विमानास हे वारे समोरून लागतात व परत येताना पाठीशी असतात.

उदाहरणादाखल वाट ७,५०० किलोमीटरांची धरा, विमानाचा वेग ९०० धरा आणि वाऱ्याचा जोर सरासरीने ६० धरा. जाताना विमान जमिनीच्या मानाने तासास ८४० चालेल आणि सुमारे आठ तास छप्पन्न मिनिटे घेईल. येताना ९६० चालेल आणि सात तास एकोणपन्नास मिनिटांत येईल. एकाच वाटेस एका दिशेने तासाहून अधिक वेळ जास्त लागतो तो असा.

यात आणखी अर्धापाऊण तास मिळवावा लागतो. वेळापत्रकात जो वेळ छापतात तो केवळ उडण्याचा नसतो. विमान उभे असताना, आपण चढावर गाडीच्या चाकाखाली दगड लावितो त्याप्रमाणे, त्याच्या चाकांस अडसर लाविलेले असतात. ते काढल्यापासून पलीकडे पुन्हा लावीपर्यंतचा सर्व वेळ धरतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, वर चढणे आणि लंडनच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वी प्रसंगी घिरट्या घालणे हे सर्व आले. म्हणून मुंबईहून लंडनास साधारणपणे साडेनऊ ते दहा तास आणि परतीस नऊ तासांच्या आसपास, असा हिशेब बसतो. पुतण्या खरोखरच खोटे बोलला नव्हता.

मग तिकिटावरील पाच तासांचे काय? तिकीटही खोटे नाही. त्यावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते व पोहोचण्याची वेळ लंडनच्या घड्याळाची. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासास १५ अंश. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडील साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून धरलेली आहे आणि लंडनची शून्य अंशावरून. साडेब्याऐंशी भागिले पंधरा म्हणजे साडेपाच तासांचा फरक. उन्हाळ्यात तिकडील लोक आपले घड्याळ एक तास पुढे करितात, तेव्हा फरक साडेचार तासांचा उरतो. आंब्याचा हंगाम त्याच काळात येतो. दुपारी दोनला निघालेले विमान साडेनऊ तासांनी पोहोचते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात व तेथे सायंकाळचे सात. चारही उत्तरांचा मेळ असा बसतो.

येथे थोडा मागील काळही पाहू. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यानंतरही आगबोटीने विलायतेस पोहोचण्यास मोजके आठवडे लागत. १९२९ साली लंडन ते कराची अशी टपालाची विमाने सुरू झाली, त्यांस सुमारे एक आठवडा लागे. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादेवरून मुंबईस जुहू येथे टपालाचे विमान स्वतः चालवीत आणिले. १९४८ च्या ८ जून रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा येथे थांबत लंडनास गेले. १९६० साली जेट विमाने आली आणि पुढे मधले थांबेही गेले. शंभर वर्षांच्या आत आठवड्यांचे दिवस झाले आणि दिवसांचे तास झाले. आकाशातील वेळ इतका आटला. जमिनीवरील वेळ किती आटला, हे आता पाहावयाचे आहे.

एका पेटीचा रोजनामा

आमच्या शेजारी एक तरुण बागाईतदार आहे. मागील हंगामात त्याने प्रथमच आपला आंबा एका निर्यातदारामार्फत लंडनास पाठविला. बागेची नोंदणी, सातबाराचा उतारा, फवारणीची वही, मालाची यादी हे कागद तयार करण्याचे काम त्याने विश्वासाने आमच्यावर सोपविले. आम्हीही ते हौसेने पत्करिले आणि जुन्या सवयीप्रमाणे मालाच्या प्रत्येक हालचालीची वेळ टिपून ठेविली. तो रोजनामा येथे जसाच्या तसा देतो. सर्व वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे आहेत.

मंगळवार, सकाळी सात वाजता चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने, देठ ठेवून उतरविण्यास आरंभ. दुपारी निवड व वजन. सायंकाळी सहा वाजता गाडी निघाली. बुधवारी पहाटे पाच वाजता गाडी नवी मुंबईतील संस्करण केंद्रात. दिवसभरात आंबा ४८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवणे, थंड करणे, पुन्हा निवडणे, खोक्यांत भरणे. सायंकाळी सहा वाजता तपासणी, व तेथेच काम अडले. गुरुवारी पहाटे सहाचे विमान चुकले. गुरुवारी दुपारी बारा वाजता कागद दुरुस्त होऊन दाखला मिळाला. सायंकाळी माल विमानतळावर. शुक्रवारी पहाटे सहा वाजता विमान सुटले. दुपारी साडेतीन वाजता लंडन. तेथील जकात व तपासणी आटोपून शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता खोकी दुकानदाराच्या दारात. तेथे त्या वेळी सकाळचे सात वाजले होते.

बेरीज केली. झाडापासून दुकानापर्यंत शंभर तास व वर अर्धा. त्यांपैकी आकाशात साडेनऊ. ज्या वेळेबद्दल आपण बैठकीत इतका वाद घातला, ती सर्व प्रवासाच्या दहाव्या हिश्शालाही पुरी भरत नाही. उरलेले एक्याण्णव तास पेटी जमिनीवर होती.

आणि बुधवारी सायंकाळी काम का अडले? बागेच्या नोंदणीत गट क्रमांक ४१७ होता. मालाच्या यादीत ४७१ पडला होता. ती यादी आमच्या हातची होती. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या उताऱ्यांतील असल्या चुका लाल शाईने दाखविणाऱ्या माणसाने स्वतःच्या शेजाऱ्याच्या कागदात दोन आकडे उलटे मांडिले. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा यात काही दोष नाही. दोन कागदांत दोन गट असतील तर हा आंबा नोंदलेल्या बागेचाच आहे असे त्याने कशावरून म्हणावे?

ही काटेकोर तपासणी कोणाच्या लहरीने आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पाठविलेल्या फळांत फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आवक बंद केली होती. त्या वेळी विलायतही त्या संघातच होती. ऐन हंगामात सर्वांचा माल अडला, ज्यांच्या बागेत माशी नव्हती त्यांचाही. प्रक्रिया व तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या जानेवारीत ती बंदी उठविण्याचा निर्णय झाला. तेव्हा प्रत्येक खोके कोणत्या बागेतून आले हे कागदावरून कळणे, ही आपल्याच हिताची गोष्ट आहे. सातबारावरील आकडा पूर्वी वसुलीपुरता होता. आता तो फळाबरोबर लंडनच्या विमानतळापर्यंत जातो.

त्या रात्री शीतगृहात जागा उरली नव्हती, कारण ती दुसऱ्या दिवसाच्या मालासाठी ठरलेली होती. आमची खोकी मे महिन्याच्या उकाड्यात छपराखाली राहिली. चोवीस तासांचा उशीर झाला. म्हणजे अडीच वेळा लंडनास जाऊन पोहोचावे एवढा. झाडावरून उतरलेले फळ जिवंत असते. ते श्वास घेते, आतून उष्णता सोडते आणि जितके तापेल तितके लवकर पिकते. आढी लावणाऱ्यांस हे नवीन नाही. लंडनास पोहोचले तेव्हा पुष्कळ फळे पिकून मऊ झाली होती, काहींच्या सालीवर काळे ठिपके आले होते. दुकानदाराने भाव पाडला. भाडे, प्रक्रिया आणि खोकी यांचा खर्च मात्र पुराच लागला होता. त्या तरुणास पहिल्याच प्रयत्नात पदरचे पैसे घालावे लागले.

आम्ही त्याच्या पडवीवर जाऊन चूक कबूल केली आणि नुकसानीची रक्कम देऊ केली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, पैसे नकोत. विमान साडेनऊ तासांत गेले, तुमच्या एका आकड्याने माझा आंबा एक दिवस नवी मुंबईत बसला, हे मात्र इतरांस सांगा. म्हणजे दुसऱ्याचा बसणार नाही." हा लेख त्या वचनाची फेड आहे.

सभासदांस सूचना

आमच्या अनुभवावरून ज्या गोष्टी निश्चित सांगता येतात त्या येणेप्रमाणे.

पहिली गोष्ट, हिशेब विमानापासून मागे करीत यावा, झाडापासून पुढे नव्हे. विमान कोणत्या दिवशी व किती वाजता सुटते हे आधी विचारावे. त्यातून माल विमानतळावर देण्याची मुदत, दाखल्याचा वेळ, प्रक्रियेची पाळी आणि रस्त्याचे तास वजा करावेत. जो वेळ उरेल त्या वेळी झेला हाती घ्यावा. आंबा तयार आहे म्हणून आज उतरविला आणि विमान परवा आहे, यात एक दिवस फुकट जातो व तो फळाच्या आयुष्यातून जातो.

दुसरी गोष्ट, कागद फळाच्या आधी तयार असावेत, आणि लिहिणाराने ते स्वतः तपासू नयेत. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाही. एकाने मूळ उतारा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने यादीवर बोट ठेवून पाहावे. आमच्या कचेरीत ही जुनी रीत होती. ती आम्ही घरी पाळली नाही.

तिसरी गोष्ट, उतरलेले फळ उन्हात किंवा तापलेल्या कातळावर घटकाभरही ठेवू नये. सकाळच्या थंड वेळी उतरवावे, सावलीत चीक निथळू द्यावा आणि गाडी रात्रीची ठेवावी. विमानाच्या पोटात फळाची काय व्यवस्था होते यावर आपला अधिकार चालत नाही. आपल्या अंगणातील सावलीवर चालतो.

चौथी गोष्ट, निर्यातदाराशी ठरविताना दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. ठरलेले विमान चुकले किंवा आकाशातील वाट बंद झाल्यामुळे रद्द झाले, तर पुढील विमान कोणते? आणि तोपर्यंत माल थंड जागेत राहील की छपराखाली? उत्तर लेखी घ्यावे.

द्राक्षवाल्या बंधूंचा दाखला येथे कोणी देईल. नाशिककडील द्राक्षे आगबोटीने आठवड्यांचा प्रवास करून युरोपात पोहोचतात, मग आंब्यास तासांची एवढी घाई कशास? त्याचे कारण फळाच्या स्वभावात आहे. द्राक्ष वेलावरच पिकते, तोडल्यावर त्याचे पिकणे पुढे चालत नाही, व ते शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेविले तर पुष्कळ दिवस टिकते. आंबा तोडल्यानंतर पिकतो, आणि बारा-तेरा अंशांहून फार खाली नेला तर थंडीनेच बिघडतो. द्राक्षवाल्यांचीही वाट नेहमी मोकळी असते असे नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पुष्कळ बोटींस सुवेझ सोडून आफ्रिकेचे दक्षिण टोक वळून जावे लागले. वळसे समुद्रातही आहेत व आकाशातही. ते आपल्या हातचे नाहीत.

आपल्या हातचे काय आहे, ते रोजनाम्याने दाखविले. शंभर तासांपैकी साडेनऊ तास विमानाचे होते. ते कमी करणे कोणाही बागाईतदारास शक्य नाही. चोवीस तास एका चुकलेल्या आकड्याचे होते, आणि ते वाचविण्यास कोणतेही यंत्र लागत नव्हते.

सभेच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नोंद करावी ती अशी. मुंबई ते लंडन, सर्वांत जवळच्या वाटेने सुमारे ७,२०० किलोमीटर. प्रत्यक्ष वाट त्याहून जास्त, आकाश मोकळे असेल तशी. जाण्यास साडेनऊ ते दहा तास, येण्यास नऊच्या आसपास. झाडापासून दुकानापर्यंतचा वेळ मात्र ज्याचा त्याने ठरवावयाचा आहे.

येत्या हंगामासाठी ज्या सभासदांस बागेची नोंदणी करावयाची असेल त्यांनी पुढील बैठकीस येताना सातबाराचा ताजा उतारा बरोबर आणावा. कागद लिहिण्यास आम्ही बसूच. ते तपासण्याचे काम आमच्या शेजारच्या त्या तरुणाने पत्करिले आहे.